उसनी गाडी आणि उसने अवसान

आमच्याकडे कोल्हापूर भागात गाडीच्या ॲक्सिलरेटरला 'रेस' म्हणतात. 'रेस दे', 'रेस सोड', 'जरा रेस धरून ठेव' हे शब्द ऐकत आणि बोलत मी वयाच्या १९ व्या वर्षापासून गाडी चालवत आलो आहे. रेस म्हणजे शर्यत, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या वाट्याला आला तो ४६ व्या वर्षी, तमिळनाडूत कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयम येथील कारी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर. खरे म्हणजे त्या दिवशी शर्यत नव्हतीच, सरावाचा दिवस होता. पण गाडी शर्यतीची होती आणि ती माझी नव्हती. त्या दिवशी माझ्या हातून जी चूक झाली ती गाडीच्या वेगामुळे झाली नाही, ती गाडी उसनी असल्यामुळे झाली, असे माझे आजही मत आहे.

माझे शिरोली एमआयडीसीत छोटे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून ओतीव भाग येतात आणि आम्ही त्यांचे टर्निंग, ड्रिलिंग करून देतो. कोल्हापूर आणि कोइंबतूर ही दोन्ही गावे भट्टीच्या जोरावर उभी आहेत. आपल्याकडे प्रामुख्याने वाहनांचे भाग होतात, तर त्यांच्याकडे पंप आणि विजेच्या मोटारी. त्यामुळे कामानिमित्त तिकडच्या एका फाउंड्रीमालकांशी १२ वर्षांपूर्वी ओळख झाली आणि पुढे ती घरोब्यापर्यंत गेली. या गृहस्थांना शर्यतींचा नाद. स्वतःची जुनी मारुती एस्टीम शर्यतीसाठी तयार करून ते दरवर्षी काही फेऱ्यांत उतरतात. त्या वर्षी सरावाच्या आठ दिवस आधी त्यांचे मनगट मोडले आणि त्यांनी मला फोन केला. ट्रॅकचे पैसे भरलेले आहेत, टायर आणलेले आहेत, मेकॅनिक येणार आहे, फक्त चालवणारा नाही, तेव्हा तुम्ही या, असे त्यांचे म्हणणे होते. अटी दोनच होत्या. इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या वर न्यायचे नाही, आणि जे मोडेल ते भरून द्यायचे. व्यवहारात इतका स्वच्छ करार मी क्वचितच पाहिला आहे. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

एस्टीम या नावाशी माझे जुने नाते आहे. वडिलांनी १९९७ साली पांढरी एस्टीम घेतली होती. अंबाबाईच्या दर्शनाला पहिली फेरी, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक, आणि मागच्या सीटवर आम्ही भावंडे पाय वर न घेता बसलेलो, कारण सीटच्या मखमलीला डाग पडता कामा नये, ही त्या गाडीची माझी आठवण. चेट्टिपाळयमच्या शेडमध्ये जी एस्टीम उभी होती तिला मखमल तर नव्हतीच, पण सीटच एक होती. दाराच्या आतले अस्तर, गालिचे, मागची बैठक, हवा थंड करण्याची यंत्रणा, सगळे काढून टाकलेले. आतल्या उघड्या पत्र्यावर वेल्डिंगचे टाके दिसत होते. छताच्या खाली आणि दारांच्या बाजूने जाड नळ्यांचा पिंजरा बसवलेला होता, गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून. बाहेर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, सगळा वीजपुरवठा एका झटक्यात तोडणारा खटका होता आणि त्याच्याशेजारी निळ्या त्रिकोणात विजेची खूण. दार लावले तेव्हा तेलाच्या रिकाम्या डब्यावर चापट मारावी तसा आवाज झाला. त्या साऱ्या उघड्यावाघड्या लोखंडात एकच गोष्ट घरगुती होती: डॅशबोर्डवर तीन बोटांनी ओढलेली विभूती.

घरोघरच्या गाडीतून शर्यतीची गाडी करायची ही कल्पना या गावाला नवी नाही. ज्यांच्या नावावरून हा ट्रॅक ओळखला जातो ते एस. करिवर्धन कोइंबतूरचेच. मारुती ८०० चे इंजिन वापरून त्यांनी एका माणसाच्या बैठकीची, उघड्या चाकांची 'फॉर्म्युला मारुती' उभी केली आणि परदेशी गाडी परवडत नसलेल्या मुलांना शर्यतीचे दार उघडून दिले. त्यातूनच पुढे नारायण कार्तिकेयन आला, जो २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. तोही याच गावचा. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले आणि २.१ किलोमीटर लांबीचा हा ट्रॅक २००३ साली त्यांच्या नावाने सुरू झाला. पहाटे इडली खाताना माझ्या स्नेह्यांनी हे सारे सांगितले आणि शेवटी, जणू सहज, म्हणाले, "म्हणजे तुम्ही आज घाबरायला हवे ते गाडीला नव्हे, परंपरेला." मी हसलो. घास मात्र घशात अडकला.

उन्हे वर येण्याआधी आम्ही सगळा ट्रॅक पायी चाललो. हा सल्ला मेकॅनिकचा होता. साठीच्या घरातले, बारीक अंगाचे, खिशात टायरची हवा मोजायचे घड्याळ बाळगणारे ते गृहस्थ. त्यांना सगळे 'अण्णा' म्हणत होते, आणि तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच असल्यामुळे मला वेगळे काही शिकावे लागले नाही. गाडीतून सपाट दिसणारा रस्ता पायाखाली किती वेगळा असतो हे त्या अर्ध्या तासात कळले. वळणांना आतल्या बाजूला उतार होता, कुठे जास्त, कुठे कमी, आणि एका वळणाच्या शेवटी तो उतार चक्क नाहीसा होत होता. गाड्या जिथून जातात तिथे डांबरावर टायरच्या रबराचा काळा पट्टा बसला होता. त्या पट्ट्याच्या बाहेर रबराच्या झडलेल्या कणांचा थर होता, मोहरी सांडावी तसा. अण्णांनी तिथे बूट घासून दाखवला. बूट सरकला. मग काळ्या पट्ट्यावर घासला. बूट चिकटला. यापेक्षा कमी शब्दांत मला कोणी काही शिकवल्याचे आठवत नाही.

कचेरीतले सोपस्कार लवकर उरकले. दुखापत झाली तर जबाबदारी आपली, अशा अर्थाच्या कागदावर सही केली, झेंड्यांचे अर्थ ऐकून घेतले. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा आहे. लाल म्हणजे सारे थांबले. पुण्या-बंगळुरू हायवेवर २५ वर्षे काढलेल्या माणसाला सर्वांत अपूर्व वाटले ते हे, की इथे सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात आणि समोरून बैलगाडी येण्याची शक्यता नाही.

आता बसण्याची गोष्ट, कारण गाडी चालवण्याइतकाच वेळ मला बसायला लागला. पिंजऱ्याच्या आडव्या नळीवरून आधी डावा पाय आत, मग कंबर, मग डोके, मग उजवा पाय, आणि या क्रमात चूक झाली तर हेल्मेट नळीवर आदळते. माझे दोनदा आदळले. बैठक कुंडीसारखी खोल. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन आणि मांड्यांमधून एक, असे पाच पट्टे छातीखालच्या एका चकतीत खटाखट बसले, आणि अण्णांनी गुडघा दाराला टेकवून खांद्याचे पट्टे असे आवळले की माझा श्वास अर्ध्यावर थांबला. मी "घट्ट झाले" असे खुणेने सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि अजून एक ओढ दिली. त्या अवस्थेत माणसाला पुढे झुकता येत नाही, मागे वळून पाहता येत नाही, मान काय ती थोडी वळते. रस्त्यावर गाडी चालवताना आपण किती वेळा स्टीअरिंगवर ओणवे होतो, खड्डा आला की अंग उचलतो, वळणावर दाराला टेकतो, हे तिथे बांधले गेल्यावर उमगले. नुसते हात, पाय आणि डोळे उरतात.

खिडकीतून वाकून अण्णांनी शेवटची सूचना दिली. त्यांना हिंदी मोजकी येत होती, मला तमिळ मुळीच नाही. दोन बोटे आधी आपल्या डोळ्यांकडे आणि मग लांब, पार ट्रॅकच्या टोकाकडे नेऊन ते म्हणाले, "सार, दूरमा पारुंगा." दूर पाहा. 'दूर' हा शब्द मला समजण्यासारखा होता, म्हणून मी मान हलवली. शब्द समजला होता, एवढेच.

पहिले सत्र १५ मिनिटांचे होते. ते मी वऱ्हाडात आलेल्या पाहुण्यासारखे काढले, सगळ्यांना वाट देत आणि कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही याची काळजी घेत. परत आल्यावर अण्णांनी चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेला, काही क्षण तसाच ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू ताटातले पक्वान्न मी न चाखताच उठलो होतो. ब्रेक गार होते. शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय पकड घेत नाहीत. मी रस्त्याच्या सवयीने लांबूनच पाय ठेवून, हळूहळू दाब वाढवत गाडी थांबवत होतो. इथे नेमके उलटे करायचे असते. सरळ रस्त्याच्या शेवटी, खुणेचा शंकू ठेवला आहे तिथे, एकदम पूर्ण दाब, आणि वेग उतरत जाईल तसा पाय हलका करत वळणात शिरायचे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि वळण्याचे काम पुढच्या चाकांना करायचे असते, म्हणून ते वजन त्यांच्यावरून बेताबेताने उतरवायचे. कारण मला लगेच पटले. पायाला पटायला दुसऱ्या सत्राचा अर्धा भाग जावा लागला.

दुसऱ्या सत्रात ब्रेक जमू लागले, आणि वेग वाढल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरेच काहीतरी सुरू झाले. माझा धंदा कोटेशन देण्याचा. त्यामुळे प्रत्येक वळणावर माझे मन आपोआप हिशेब मांडू लागले. ही कड लागली तर पुढचा बंपर, तो टायरांचा ढीग लागला तर रेडिएटर आणि डावा दिवा, शेजारच्या गाडीला घासले तर दोन दारे आणि रंग. उजवीकडून एक गाडी मला ओलांडून गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहिले तेही तिच्या आणि माझ्या पत्र्यातले अंतर मोजण्यासाठी. दूर पाहायचे ते राहिलेच. माझे डोळे बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर, म्हणजे जिथे काही मोडू शकेल तिथे, खिळून राहिले होते. आपली स्वतःची गाडी असती तर मी एवढा हिशेब केला नसता. तोंडाने मी उसने अवसान आणले होते, पण पाय गाडीच्या मालकाशी इमान राखून होता.

ते लांबट, मोकळे दिसणारे वळण होते. पायी चालताना जिथला उतार शेवटी नाहीसा होतो असे दिसले होते, तेच. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो आणि मागच्या फेरीपेक्षा किंचित जास्त वेगाने शिरलो होतो. मध्यावर आल्यावर मला वाटले की गाडी बाहेरच्या कडेकडे चालली आहे. ती खरेच चालली होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ती कड पाहत होतो एवढे मात्र खरे. आणि मी २५ वर्षे जे केले तेच केले. रेस सोडली.

पाय उचलल्यावर पुढचे सारे एखाद्या श्वासाइतक्या वेळात झाले. पाठीमागून कोणी गाडीचा शेपटा धरून बाजूला सारावा तशी ती फिरू लागली. समोरच्या काचेतून ट्रॅक सरकला, मग गवत, मग एक पांढरी भिंत, मग ज्या रस्त्याने मी आलो होतो तोच रस्ता. सकाळी सांगितलेले एकच वाक्य कुठूनतरी आठवले, की गाडी फिरली तर दोन्ही पाय दाबायचे, क्लच आणि ब्रेक. मी ते दाबले. चारही चाके धरली गेली आणि टायरांचा जो आवाज झाला तो मला हेल्मेटमधूनही लाजवून गेला. मग गाडी थांबली. इंजिनही बंद पडले होते. धूळ काचेवर बसत असताना सारे इतके शांत झाले की पालघाटाच्या खिंडीतून येणारा त्या भागातला प्रसिद्ध वारा पिंजऱ्याच्या नळ्यांमधून शिट्टी घालत असल्याचे ऐकू आले. जळक्या रबराचा आणि उन्हाने तापलेल्या गवताचा वास एकत्र आला. गाडी उलट्या तोंडाने, दोन चाके डांबरावर आणि दोन मातीत, उभी होती, आणि लांबवर मार्शल पिवळा झेंडा हलवत होता, तो माझ्यासाठी. त्याने हाताने इशारा दिल्यावर मी इंजिन चालू केले, गाडी वळवली आणि हळूहळू शेडकडे आणली.

स्नेही खुर्चीत बसून होते, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून. ते काहीच बोलले नाहीत. अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले. पत्र्याला ओरखडाही नव्हता. मग ते पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले, गाडी जराशी ढकलायला लावली, आणि टायरवरून तळहात फिरवता फिरवता एके ठिकाणी थांबले. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. टायर गोल होता, फक्त त्या दोन-अडीच इंचांत तो गोल नव्हता. ब्रेक धरून घसरताना चाक फिरत नाही आणि टायर एकाच जागी खरवडला जातो. असा टायर पुन्हा वेगात लावला की दर फेऱ्याला हादरा देतो आणि टाकून द्यावा लागतो. अण्णांनी खिशातून छोटी वही काढली आणि तमिळमध्ये एक ओळ लिहिली. ती वाचता न येऊनही मला समजली.

त्यानंतर त्यांनी काड्यापेटी काढून बॉनेटवर ठेवली आणि पुढच्या कडेवर बोट दाबले. मागची कड उचलली गेली. "पैर उठाया, पीछे हल्का. घूम गया," एवढेच ते म्हणाले. मला जे अपघात वाटले होते ते काड्यापेटीएवढ्या जागेत मावले. वळणाच्या मध्यावर रेस सोडली की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड सुटते, आणि एस्टीमसारखी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मागून फिरते. गाडी वाचावी म्हणून मी पाय उचलला, आणि नेमक्या त्या उचलण्याने गाडी गेली. रेस धरून ठेवली असती, निदान तेवढीच ठेवली असती, तर ती कडेच्या आतच राहिली असती. यावर उपाय म्हणून अण्णांनी धाडस करायला सांगितले नाही. उलट हळू आत जा म्हणाले, आणखी हळू, वाटेल तेवढे हळू. पण एकदा आत गेल्यावर पाय हलवायचा नाही.

टायर बदलून तिसऱ्या सत्राला निघताना मी स्नेह्यांना विचारले, की आता मी चालवावी असे तुम्हाला खरेच वाटते का. ते म्हणाले, "एक टायर तर तुम्ही विकत घेतलाच आहे. आता गाडीत तुमचाही वाटा आहे." हे ते विनोदाने म्हणाले असतील, पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. मोडण्याची जी भीती होती ती मोडून झाली होती आणि तिची किंमतही ठरली होती. डोक्यातले कोटेशन बंद झाले. त्या वळणाकडे येताना मी ब्रेक आधी आणि जोरात मारले, लाजिरवाण्या वेगाने आत शिरलो, आणि नजर उचलून वळणाच्या पार पलीकडे, जिथून पुढचा सरळ रस्ता सुरू होतो तिथे, नेली. हात आपोआप तिकडे वळले. रेस हलकीशी धरलेली. टायर गुणगुणत होते; किंचाळणे आणि गुणगुणणे यांतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. ती बाहेरची कड आली आणि गेली, आणि ती कधी गेली हे मी पाहिलेच नाही.

चार-पाच फेऱ्यांनी ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. म्हणजे ब्रेक ऑइल फार तापले होते. शेवटची फेरी ब्रेक न लावता, वाऱ्यावर निववत आणली. शेडमध्ये थांबताच सवयीने माझा हात हँडब्रेककडे गेला आणि अण्णा ओरडलेच. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा असतो. घड्याळाप्रमाणे मी माझ्या पहिल्या सत्रापेक्षा नऊ सेकंदांनी सुधारलो होतो आणि गाडीच्या मालकाच्या वेळेपेक्षा सात सेकंदांनी मागे होतो. ही सात सेकंदे २.१ किलोमीटरच्या एका फेरीतली आहेत. ट्रॅकवर तो केवढा मोठा काळ असतो याची कल्पना मला नंतर आली. तेव्हा मी उगाच खूश होतो.

टायरचे पैसे मी दिले आणि स्नेह्यांनी ते मोजून घेतले. त्यांनी "राहू द्या हो" म्हटले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तो टायर मात्र मी मागून घेतला आणि डिकीत टाकून शिरोलीला आणला. शॉपमध्ये तो लेथच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या टर्नरने येता येता त्याच्यावरून अंगठा फिरवला, त्या सपाट जागेवर थांबला, पुन्हा मागे-पुढे फिरवून पाहिला आणि जणू गोलाई तपासायला आलेला ओतीव भागच असावा अशा अगदी गंभीरपणे विचारले, "मालक, ह्याची ओव्हॅलिटी डायल लावून बघायची काय?"